खत काळं झालं, पण अंडी मेली नाहीत

परसबाग आणि पाळीव प्राणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आमच्या घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. त्यात मेथी, कोथिंबीर, मुळा, वांगी-मिरचीचे दोन वाफे आणि कोपऱ्यात आंब्याचं झाड. घरातला ओला कचरा मी भोकं पाडलेल्या निळ्या ड्रममध्ये जिरवते. आमचा ब्रूनो लॅब्राडोर आहे. फेब्रुवारीपासून त्याची शीही त्याच ड्रममध्ये टाकतेय, वर सुका पाला घालते. आता खत चहाच्या भुकटीसारखं काळं झालंय, वास अजिबात नाही. गेल्या महिन्यात थोडं कोथिंबिरीच्या वाफ्यात मिसळलं. परवा जाऊबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे सगळं फेकून द्या, नातवाला काहीतरी होईल. माझं म्हणणं असं की शेणखत चालतं, लेंडीखत चालतं, आपल्याकडे माणसाच्या मैल्याचं सोनखतसुद्धा वापरायचे, मग कुत्र्याचंच काय वाईट? दोन पोती खत तयार आहे. काय करू?
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. हे खत भाजीला घालू नका. फेकूही नका, ते आंब्याला जाईल, कसं ते खाली लिहिलंय. आणि ब्रूनोची शी आजपासून त्या ड्रममध्ये टाकणं बंद करा.

खत काळं झालं, भुसभुशीत झालं, वास गेला, याचा अर्थ कुजण्याचं काम पुरं झालं. त्यातलं जे आपल्याला नको आहे ते मेलं, असा त्याचा अर्थ होत नाही. ही गोष्ट मला कॉलेजात शिकवली होती, पण पटली ती घरच्या ड्रममुळे. एकतीस वर्षं मी जत, आटपाडी, कवठे महांकाळ भागातल्या जनावरांच्या दवाखान्यांत काढली. निवृत्तीनंतर साताऱ्यात घर बांधलं, मागे परसबाग केली, आणि तुमच्यासारखंच आमच्या काळूची शी चार महिने ड्रममध्ये टाकली. काळूला जंताचं औषध दिलेलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. तुमच्यासारखंच काळंभोर खत निघालं. सवयीने त्यातलं चमचाभर घेतलं, मिठाच्या दाट पाण्यात ढवळलं, गाळलं, नळी काठोकाठ भरून तोंडावर काचपट्टी ठेवली. जंताची अंडी अशा पाण्यात वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. वीस मिनिटांनी पट्टी उचलून मायक्रोस्कोपखाली धरली. तपकिरी, गोल, जाड कवचाची अंडी, कवचावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खळगे. कुत्र्याच्या गोल जंताची अंडी ओळखायला मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. पण एका अंड्यावर नजर थांबली. आत वेटोळं घालून बसलेली अळी हळूहळू हलत होती. त्याच खतात मी आदल्या आठवड्यात उघड्या हातांनी पुदिना लावला होता.

या जंताचं नाव टॉक्सोकारा. पूर्ण वाढलेली एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालते. अंडी इतकी बारीक की बारा-तेरा ओळीने मांडली तर मिलिमीटर भरेल. आणि त्यांची एक खोड नीट समजून घ्या, कारण तुमच्या ड्रमचा सगळा प्रश्न तिथे आहे. ताज्या शीतल्या अंड्यापासून लगेच लागण होत नाही. अंड्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्यासाठी लागतो ओलावा, ऊब आणि खेळती हवा. आपण खतासाठी ड्रममध्ये हेच तिन्ही जपतो. म्हणजे सकाळी ब्रूनोची शी उचलताना जेवढी भीती, त्याहून जास्त भीती दोन महिन्यांनी त्याच ड्रममधलं बिनवासाचं खत हाताळताना. अंड्यांच्या दृष्टीने तो ड्रम उबवणीचं यंत्र आहे. आणि एकदा मातीत गेली की ही अंडी अनुकूल जागी वर्षानुवर्षं टिकतात. उन्हाळा, पावसाळा, दोन्ही काढतात.

माणसाच्या पोटात ती गेली तर आतड्यात जंत वाढत नाही, कारण माणूस हा त्याचा खरा यजमान नाही. अळी वाट चुकल्यासारखी फिरत राहते, यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यात. डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते. बहुतेकांना काही कळतही नाही, हेही खरं आहे. पण मातीत खेळून तीच बोटं तोंडात घालणारं पोर असेल तर मी त्या 'बहुतेकां'वर भरवसा ठेवणार नाही. जाऊबाईंचं म्हणणं त्या बाबतीत बरोबर आहे.

आता शेणखताचं. गाय-म्हैस, शेळी-मेंढी चारा खाणारी. त्यांच्या पोटातही जंत असतात, तुमच्या-माझ्या कल्पनेपेक्षा जास्त असतात, पण त्यातले बहुतेक माणसात रुजत नाहीत. कुत्रं मांस खाणारं, आपल्या अंगाखांद्यावर वाढणारं, आणि त्याचे जंत आपल्याला त्रास देतील असे. शिवाय शेण आपण ताजं कुठे घालतो? उकिरड्यात वर्ष-सहा महिने मुरल्यावरच गाडी भरतो. धनगर शेतात मेंढरं बसवतात तेव्हा लेंड्या-मूत थेट रानात पडतं, पण त्यानंतर नांगरट-कुळवणी होते, पीक बहुधा ज्वारी-बाजरीचं, म्हणजे शिजवून खायचं. ताजं शेण कोथिंबिरीला घातलेलं मला गाईचंही चालणार नाही.

मेंढरांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. जत भागात मेंढरं कापताना यकृतावर, फुफ्फुसावर पाण्याने भरलेले पांढरे फोड मी कितीतरी वेळा पाहिलेत. लिंबाएवढे, कधी पेरूएवढे. खाटीक ते कापून बाजूला फेकायचा आणि दारात बसलेली कुत्री ते खायची. त्या फोडातून कुत्र्याच्या आतड्यात इवलासा पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी शीतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर तसेच फोड माणसाच्या यकृतात होतात. वर्षानुवर्षं कळत नाही, मग ऑपरेशन. ब्रूनोला कच्ची कलेजी, कच्चा मांसाचा चुरा घालत असाल तर तो बंद करा. शिजवून घाला.

सोनखताचा मुद्दा तुम्ही काढलात ते मला फार आवडलं, कारण उत्तर त्यातच आहे. देहूला डॉ. मापुसकरांनी मैल्यावर चालणाऱ्या बायोगॅसचं आणि संडासांचं जे काम केलं, ते आमच्या पिढीने जवळून पाहिलंय. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करतात, आणि पहिला किमान वर्षभर उघडत नाहीत. त्या वर्षात जंताची अंडी मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या सूचनांतही मानवी मैल्यासाठी हेच आहे : 20 ते 35 अंशांच्या हवेत एक वर्षाहून जास्त, थंड हवेत दीड ते दोन वर्षं साठवण. म्हणजे जुन्या लोकांनी सोनखत वापरलं ते मुरवून. न मुरवता वापरलं तिथे पोरांच्या पोटात जंत झालेच.

अंडी मारायचे मुख्य रस्ते दोन, ताप किंवा काळ.

तापाचं गणित असं. सांडपाण्याच्या गाळापासून खत करायला अमेरिकेत नियम आहे. बंद यंत्रात सलग 3 दिवस किमान 55 अंश. उघडी रास असेल तर 15 दिवस 55 च्या वर आणि त्या काळात 5 वेळा पालट, म्हणजे कडेचं थंड खत आत जावं. आपल्या ड्रमला हे जमतं का, म्हणून मी मार्चमध्ये लांब दांडीचा तापमापक खुपसून रोज सकाळी नोंद ठेवली. दोनशे लिटरचा ड्रम, हिरवा पाला आणि भाजीची देठं भरपूर. चौथ्या दिवशी मधोमध 48 अंश, कडेला 36. आठव्या दिवशी सगळीकडे 34. ऊन रणरणत होतं तरी. साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच रास नसेल तर आतली ऊब आत राहतच नाही, निघून जाते. घरातला रोजचा मूठभर कचरा थोडाथोडा पडत गेला तर रास कधी तापतच नाही.

अलास्कातल्या फेअरबँक्सला बर्फावरच्या गाड्या ओढणारी कुत्री पाळतात, एकेका घरी वीस-तीस. एवढ्या शीचं करायचं काय, म्हणून तिथे प्रयोग झाले आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने 2005 मध्ये त्यावर पुस्तिका काढली. दोन फावडी शीला एक फावडं लाकडाचा भुसा, पिळलेल्या फडक्याइतकी ओल, तापमान उतरलं की पालट. तापमान 60 अंशांच्या वर गेलं, खत झकास झालं. आणि तरीही त्याच पुस्तिकेत बजावलंय की हे खत माणसाने खायच्या पिकाला घालू नका. एवढी कुत्री, एवढी रास, एवढी देखरेख असून त्यांनी हात राखून ठेवला. एका ब्रूनोच्या ड्रमवर आपण भाजी पिकवणं योग्य नाही.

गांडूळखताचा मार्ग काहीजण सुचवतात. गांडुळांना ऊब सोसत नाही, त्यामुळे तो वाफा थंडच ठेवावा लागतो, आणि थंड वाफ्यात अंडी मरतील याची हमी नाही. शिवाय कुत्र्याला दिलेल्या जंताच्या औषधाचा अंश शीतून उतरतो, तो गांडुळांच्याही जिवावर येऊ शकतो.

आपल्याला राहिला काळ. लॅब्राडोरची शी दिवसाला अडीचशे-साडेतीनशे ग्रॅम धरा, वर्षाला शंभर किलोच्या आसपास. तुमच्याकडे जागा आहे, म्हणून दोन खड्डे करा. प्रत्येक दोन फूट व्यासाचा, तीन फूट खोल, विहीर-बोअरपासून पन्नास फूट तरी लांब आणि भाजीच्या वाफ्यांच्या उताराला, चढाला नाही. मिरजेची काळी माती पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात खड्डा तळ्यासारखा भरतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तोंडाशी विटांचा वीतभर उंच कठडा आणि वर घट्ट झाकण. कृष्णेच्या पुराचं पाणी तुमच्या आळीत येत असेल तर मात्र खड्डा करूच नका, सरळ संडासात टाका. रोजच्या शीवर दोन मुठी भुसा टाकायचा. वखारीतला चालतो, तुमच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत, तिथली चिपाडं बारीक करून घातली तरी उत्तम. शी आणि भुसा आटून खाली बसतात, एक खड्डा दीड-दोन वर्षं सहज पुरतो. भरला की वर वीतभर माती, तारीख पाटीवर लिहायची, आणि दुसरा सुरू. माणसाच्या मैल्याला वर्ष पुरत असेल, मी कुत्र्याच्या खड्ड्याला दोन वर्षं देते, कारण टॉक्सोकाराचं कवच चिवट आहे. आणि ते खतही आंबा, जास्वंद, चाफा अशा झाडांनाच. मुळा, गाजर, पालेभाजी, कोशिंबिरीचं काही असेल तिथे कधीच नाही.

आता तयार दोन पोत्यांचं. हातमोजे आणि बूट घाला, नाकाला रुमाल बांधा. आंब्याच्या बुंध्यापासून चार-पाच फुटांवर गोल चर खणा, फूटभर खोल, त्यात खत ओता आणि वर माती ओढून दाबा. पसरायचं नाही, पुरायचं. ड्रम रिकामा झाला की उकळत्या पाण्याने धुवा, दोनदा.

कोथिंबिरीचा वाफा ही खरी काळजीची गोष्ट. आहे ती कोथिंबीर कच्ची खाऊ नका, उपटून त्याच चरात पुरा. त्या वाफ्यात पुढची दोन वर्षं झेंडू-शेवंती लावा, आणि नातवाला त्या तुकड्यात खेळू देऊ नका. चप्पल घालूनच फिरा, कारण कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, मग कातडीखाली लाल नागमोडी रेघ उठते आणि रात्रभर खाजवतं. बाकी वाफ्यांची भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. शिजवलेल्या भाजीची चिंता नाही, शिजताना अंडं मरतं. नातू हसता-खेळता असेल तर घाबरून रक्त तपासायला धावू नका. ताप हटत नाही, खोकला, पोट दुखतं, डोळा तिरळा वाटतो किंवा एका डोळ्याने कमी दिसतं, असं काही झालं तर मुलांच्या डॉक्टरांना घरात कुत्रं आहे आणि खताचा हा प्रकार झाला होता हे आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही.

आणि ब्रूनो. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वजन करून. अंदाजाने नाही. पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात, म्हणून पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत. वर्षातून एकदा त्याची ताजी शी छोट्या डबीत घालून दवाखान्यात तपासायला द्या. औषध वेळेवर असेल तर शीत अंडी फार कमी सापडतात, धोका पुष्कळ उतरतो. पण काळूलाही औषध दिलेलं होतं, फक्त मी एक फेरी चुकवली होती.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची पत्रंही आली आहेत, त्यांना इथेच सांगते. कुत्र्याची शी कागदाने उचलून संडासात टाका, कागद किंवा पिशवी आत टाकू नका. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत ती अजिबात नको. त्या कचऱ्याचं खालच्या हौदात खत होतं आणि तेच खत सगळ्यांच्या कुंड्यांत जातं. 'कुजणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्याही घरच्या ड्रममध्ये नीट कुजत नाहीत, बहुतेकींना मोठ्या प्रकल्पातला ताप लागतो.

प्रश्न : घरात मांजर आहे, सूनबाईंना तिसरा महिना लागलाय. मांजराच्या शीच्या ट्रेमधली माती मी गुलाबाच्या कुंड्यांत टाकतो. शेजारची मांजरं वाफ्यातही घाण करून जातात. मांजर कुणाला तरी देऊन टाकावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, मांजर देऊ नका. कुंड्यांत टाकणं मात्र आजच थांबवा.

मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पडू शकतो. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर ती गर्भापर्यंत पोचते, गर्भपात किंवा बाळाच्या डोळ्यांना-मेंदूला इजा होऊ शकते. पण मांजर तो आयुष्यभर टाकत नाही. बहुधा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच टाकतं. आणि ताजी शी लगेच बाधक नसते, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ करा, तो तुम्ही करा, सूनबाईंनी नाही. काढलेलं कागदात घट्ट गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळं, सॅनिटरी कचऱ्याच्या पुडीसोबत द्या, आणि घंटागाडीवरच्या ताईंना आत काय आहे ते सांगा. त्या उघड्या हातांनी कचरा निवडतात. मांजराची शी संडासातही टाकू नका. हा परजीवी सांडपाण्याच्या प्रक्रियेत टिकून नदीत जाऊ शकतो. खतात तर नाहीच, ओल्या मातीत तो वर्षाहून जास्त जगतो. बाजारात मिळणारी गोळा होणारी माती ही बेंटोनाइटची चिकणमाती असते, ती कुजतही नाही, कुंडीचं तोंड मात्र बंद करते.

वाफ्यात येणाऱ्या मांजरांना मोकळी भुसभुशीत माती आवडते. पेरल्यावर वर बोरीच्या काट्या आडव्या-उभ्या टाका, किंवा कोंबड्यांची जाळी अंथरा, रोपं भोकांतून वर येतात. सूनबाईंनी बाळ होईपर्यंत बागेत हातमोज्यांशिवाय हात घालू नये, मटण पूर्ण शिजलेलंच खावं (लागण तिथूनही होते, हे पुष्कळांना माहीत नसतं), आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे हे सांगावं. तपासणी करायची की नाही ते त्या ठरवतील.

प्रश्न : मुलीने दोन ससे पाळलेत, लव्हबर्ड्सचा पिंजराही आहे. त्यांचं खत चालेल का?
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : सशाच्या लेंड्या बिनधास्त घाला, गवतासकट, लघवीने भिजलेल्या भुशासकट. चारा खाणाऱ्या लहान जनावरांत यासारखं खत नाही, आणि कंपोस्टच्या राशीत टाकलं तर रास लवकर तापते. पालेभाजीला मात्र दोन-तीन महिने मुरवूनच.

पाखरांच्या विष्ठेची अडचण खतापेक्षा झाडताना जास्त आहे. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. पिंजऱ्याखालचा कागद आधी पाण्याने शिंपडून ओला करा, मग घडी घालून उचला. मुलीला झाडू मारायला लावू नका, कागद तुम्ही उचला. ओला झालेला तो कागद तसाच फाडून राशीत टाका आणि वर पाला पसरा.